दगडांखालचे मासे

घरात तिला सगळे गाळणी म्हणत. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. नदीच्या पाहणीत तिची उमर गेली होती, पण घर चाले ते दिराच्या मासेमारीवर.

बंधाऱ्याखाली परका, पट्टेरी मासा सापडला होता. तो वर चढलेला दिसला, तर वरची मासेमारीही बंद होणार होती. म्हणून मत्स्यखात्याच्या मॅडमसमोर एकाच पट्ट्यात आधी जाळं, मग सापळे, शेवटी माशांना क्षणभर बेशुद्ध करणारी विजेची काठी लावून पाहायचं ठरलं. जे एकातून निसटेल ते दुसऱ्यात सापडेल.

जाळं दिरानेच टाकलं, डोहात, त्याचे वडील टाकत तिथेच. काठाच्या दगडांजवळ कुणी जाळं नेत नसे, फाटायचं.

"बघा वहिनी, सगळे आपलेच! लिहून टाका नदी निर्मळ, आणि चला जेवायला."

"सापळे राहिलेत, भाऊजी."

"तुमचं काही खरं नाही. उद्या मलाच सापळ्यात घालून मोजाल."

"मावणार नाही तुम्ही."

सापळे रिकामे निघाले. आमिष मात्र पार कुरतडलेलं होतं. तिने सापळ्याच्या जाळीत करंगळी घातली. ती सहज आरपार गेली. दिराने ते पाहिलं आणि त्याची थट्टा थांबली.

पाठीवर बॅटरी, पायांत रबरी बूट चढवून ती दगडांकडे निघाली. पाणी काळपट, स्तब्ध होतं. एक बेडूकसुद्धा हलेना. तिने काठी बुडवून कळ दाबली.

आधी एक पांढरं पोट वर आलं. मग दुसरं. मग दगडादगडाखालून करंगळीएवढी पिल्लं वर येत गेली, पाणी झाकून जाईपर्यंत. सगळी पट्टेरी. त्यांत आपला एकही मासा नव्हता.

"वहिनी," दीर काठावरून हलकेच म्हणाला, "क्षणभरात शुद्धीवर येतील. जाऊ द्या त्यांना. मॅडम पलीकडे आहेत. कुणी पाहिलेलं नाही."

"मी पाहिलंय ना."

"मुलांना काय घालणार?"

एका पिल्लाचा कल्ला हलला, मग शेपटी. तिच्या बुटांभोवती पाणी वळवळू लागलं. तिने हातजाळी खुपसली, भरून बादलीत ओतली, आणि पलीकडे हाक मारली, "मॅडम, इकडे या."

मागे वळली तेव्हा दीर काठावर पसरलेलं जाळं ओढून घेत होता, सावकाश, घडी घालत.