स्टेशनच्या छपराखालच्या चपला

आमच्या शाळेसमोर गळक्या बादल्या झाळून देणारा तो माणूस कुठलंही भांडं दिसलं की आधी त्याच्या सांध्यावरून अंगठा फिरवायचा. शाळेच्या प्रदर्शनासाठी त्यानं तीन महिने खपून कोल्हापूर स्टेशनच्या छपरासारखं बारा फुटी छप्पर पत्र्यात उभं केलं. प्रदर्शनाच्या खोलीच्या दारातून ते आत जाईना, म्हणून हेडमास्तरांनी ते खुशाल अंगणात ठेवलं. पाऊस आला, तसे पाहुणे त्याखाली चपला सारून आत गेले. मी भडकलो. "लाज न्हाय व्हय ह्यांना? फेकून देतो सगळ्या!"

तो मात्र गुडघ्यावर बसला, एकेका चपलेवरून अंगठा फिरवत छपराच्या टोकापर्यंत गेला आणि माझ्यावरच खेकसला, "फेकताय काय, मास्तर! कोरड्या ठाक हायती. आतल्या शाण्यास्नी भाईर बोलवा, म्हणावं हात लावून बघा!"