सेंटर फॉरवर्ड केरू

केरू कोल्हापूरचा. पेठेच्या तालमीच्या संघात तो सेंटर फॉरवर्ड आणि थोरला भाऊ दौलत गोलकीपर. डाव्या पायानं मारायला दौलतनंच त्याला शिकवलं. केरूनं गोल केला की दौलत दुसऱ्या टोकाच्या गोलपोस्टमधून बोंब ठोकायचा.

१९९३ मध्ये केरू फोर्कलिफ्ट चालवायला दुबईला, जबल अली बंदरावर गेला. लेबर कॅम्पमागं वाळूचं पटांगण होतं. शुक्रवारी तिथं मॅच व्हायच्या. कंपनीच्या टीमचा कॅप्टन रत्नागिरीचा नूरुद्दीन. केरूचा खेळ बघून तो म्हणाला, "हबीबी, तू आता आमचा. दुसऱ्या टीमकडं बघायचं पण नाही."

तीन वर्षांनी टीम फायनलला पोचली. आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, कॅम्पच्या ऑफिसात केरूच्या बायकोचा, प्रभावतीचा फोन आला.

"दौलतभाऊजी गेले. ट्रकनं उडवलं."

"कवा?"

"सकाळी. तुम्ही येताय न्हवं?"

पासपोर्ट कंपनीच्या हेड ऑफिसात, कपाटात. सुपरवायझर म्हणाला, "सॅटर्डे को ऑफिस खुलेगा, तब देखते हैं. इन्शाल्ला."

केरूनं फोनवर सांगितलं, "माझी वाट बघू नका. उरकून घ्या."

दुसऱ्या दिवशी तो बूट घालून बाहेर आला. नूरुद्दीन दारातच उभा होता. "केरू, आज नको खेळूस. कोण काही बोलणार नाही."

"मग खोलीत बसून काय करू?"

त्यानं दोन गोल मारले. दुसरा डाव्या पायानं. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. वरून त्याला पटांगणाच्या कडेला उभ्या कंपनीच्या बसगाड्या दिसल्या. त्यांच्या काचा कुणीतरी धूत होतं. तो तेच बघत राहिला.

रजा मिळाली तेव्हा सगळे विधी होऊन महिने लोटले होते. घरी दौलतच्या फोटोला हार होता, प्लास्टिकचा. प्रभावती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही खेळलात म्हणं."

"व्हय."

"रडलात तरी का?"

त्याला खरंच आठवेना. "जेवाय वाढ," तो म्हणाला.

परत जाऊन तो खेळतच राहिला. गोलही होत राहिले. बॉल जाळीत गेला, की तो पाठ फिरवून मधल्या रेषेकडं चालू लागायचा. नव्या पोरांना वाटायचं, याला गर्व आहे. नूरुद्दीन त्यांना गप्प करायचा.

२००२ मध्ये पटांगणावर नवं गोदाम बांधायला घेतलं. नूरुद्दीननं शारजाच्या पलीकडं, हमरिया फ्री झोनजवळ एक मैदान शोधलं. "लांब आहे, पण बस मिळेल. चल, यल्ला."

"तुम्ही जावा, नूरुद्दीनभाई. माझं खलास."

"गुडघा दुखतो काय?"

"न्हाई."

शुक्रवारी नूरुद्दीन पोरांना घेऊन बसमध्ये चढला. केरूनं चादरी धुतल्या, वाळत घातल्या आणि जेवून झोपला. संध्याकाळी टीम परतली. हरले होते. केरूनं सगळ्यांसाठी चहा टाकला.