कॅप्टनकाकांचं शेवटचं लँडिंग

“अरे, वरून बघितलं ना, तर अख्खं जयेंद्रगंज तळहाताएवढं दिसतं. त्यात कसली भांडणं करता!”

कुणाची गाडी कुणाच्या दारात लागली आणि आवाज चढले, की आमचे कॅप्टनकाका गॅलरीतून असं ओरडायचे. भांडणारे हसायचे. गाडी मात्र तिथंच राहायची.

ते एका उद्योगपतीचं, त्यांच्या शेठजींचं, छोटं जेट विमान चालवायचे. मुक्काम दिल्लीत, घर ग्वाल्हेरात आमच्या समोर. सुट्टीला आले की पायजमा-बनियनवरच भाजी आणायला निघत. भाजीवाली ‘पायलटसाब’ म्हणून मूठभर मिरच्या वर टाकायची, तेवढ्यानं स्वारी दिवसभर खूश. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच.

त्या संक्रांतीला शेठजींचं काम ग्वाल्हेरातच निघालं. काकांना घरी यायला सवड नव्हती, म्हणून काकूंनी गुळाच्या पोळ्यांचा डबा भरला आणि मी त्यांना स्कूटरवरून विमानतळावर नेलं. अवकाळी पाऊस लागला होता. जाळीच्या कुंपणातून धावपट्टीचं टोक दिसत होतं.

“आले बघ!” काकू म्हणाल्या.

विमान टेकलं, पण फार पुढे येऊन टेकलं. चाकांखालून पाण्याचे फवारे उडाले. विमान थांबेचना. धावपट्टी संपली तरी विमान पुढेच, आणि मग चिखलात घुसून नाकावर बसलं. काकूंनी माझा दंड असा धरला की वळ उठले. आगीचे बंब धावले. आग लागली नाही, देवाची कृपा. शेठजी उतरले, त्यांचा सेक्रेटरी उतरला, मग सहवैमानिक मुलगी, कपाळातून रक्त येत होतं. सगळ्यात शेवटी काका. त्यांनी खिशातला रुमाल काढून त्या मुलीच्या कपाळावर दाबून धरला. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

काही दिवसांनी शेठजींच्या कंपनीचे दोघे काकांच्या घरी आले. मी तिथंच बसलो होतो.

“सर, लड़की नई है, घबरा गई. आप इतना कह दीजिए, बात निपट जाएगी.”

“घबराई नहीं थी,” काका म्हणाले. “उसने साफ कहा था, ऊपर चलिए, दोबारा आएंगे. मैंने नहीं सुना.”

चौकशीतही त्यांनी हेच सांगितलं. नोकरी गेली. पुन्हा विमानाला त्यांनी हात लावला नाही.

एकदा न राहवून मी विचारलं, “काका, का नाही ऐकलंत तिचं?”

ते हळूच म्हणाले, “तसल्या हवेत वर गेलो असतो, तर दिल्लीलाच परत जावं लागलं असतं. इकडे ही डबा घेऊन उभी होती रे. हिला सांगू नकोस.”

काकू चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

“मी थांबले असते हो,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या दिवसापर्यंतसुद्धा थांबले असते.”

काकांनी तो हात धरला. चहा गार झाला तरी सोडला नाही.

ती सहवैमानिक मुलगी ग्वाल्हेरातल्याच हजीऱ्याची, मराठीच. उन्हाळ्यात ती काकांना भेटायला आली, तर काका आतल्या खोलीतून बाहेर येईनात. तिनं उंबऱ्यावरच बसकण मारली.

“सर, मी परत फ्लाय करतेय. आप बाहर नहीं आए, तर मी इथंच बसणार.”

काका आले. तिच्या कपाळाकडे बघत म्हणाले, “टाक्यांचे वण दिसतात अजून.”

“दिसू देत. बाल आगे कर लेती हूँ.” मग तिचा आवाज बदलला. “सर, तुम्ही माझं नाव वाचवलंत.”

“तू जे बोललीस तेवढंच सांगितलं, पोरी.”

त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी काका पोटभर जेवले.

पुढच्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. ती तेव्हा कुठल्या तरी दूरच्या शहरात होती. दुसऱ्या दिवशी आली, काकूंशेजारी जमिनीवर बसली. माझ्या बायकोनं पिठलं-भात आणून ठेवला होता, त्याला कुणी हात लावला नव्हता. थोड्या वेळानं काकू उठल्या, त्यांनी ताट घेतलं आणि तिच्यासाठी वाढलं.

“जेव आधी,” त्या म्हणाल्या. “उद्या उडायचंय ना तुला?”