नानांचा क्लास आणि सोफा-कम-बेड

"दिवाळीनंतर नानांचा क्लास बंद करू. कान गेलेत त्यांचे, चारचौघांत शोभा नको. सुनेच्या माहेरच्यांना बसायला सोफा-कम-बेड हवाय म्हणून सांग."

सासूबाई ह्यांना हळूच सांगत होत्या. सून, म्हणजे मी, दाराआड तांदूळ निवडत होते. लग्नाला जेमतेम चार महिने, तरी ह्या घरातल्या कानांचे किस्से पोतंभर जमलेत. मूठभर सांगते.

गंगापूर रोडवरचं आमचं घर गाण्याचं. सासरे, म्हणजे नाना, बाहेरच्या खोलीत गाणं शिकवतात. सासूबाई त्यांच्याच शिष्या. सकाळी देवघरातूनच म्हणतात, "हंडा भरत आला, नळ बंद कर." बघते तर दोनच बोटं बाकी! पाणी चढतं तसा आवाज चढतो म्हणे. मीही महिनाभर कान लावून उभी राहिले. पदर तेवढा भिजला.

हे तबला वाजवतात. कुकरची शिट्टी झाली की तिचा सूर सांगतात, "काळी चार." एकदा म्हणाले, "आज उतरलीय." उघडला, तर डाळ कच्ची.

नानांचं मात्र उलटं. पोस्टमन बेल वाजवून थकतो, नाना दाराशीच पेपर वाचत असतात.

शेवटी ह्यांनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. पिशवी धरायला मी. हेडफोन लावून बारीक बारीक आवाज ऐकवले. नाना म्हणाले, "मशीन पाव सुराने उतरलंय तुमचं. दाखवून घ्या."

डॉक्टर हसले. "नाना, कान निम्मे गेलेत. शिकवता कसं?"

"मुलगी श्वास घेते तेव्हाच कळतं, सूर कुठे पडणार."

डॉक्टर ह्यांना म्हणाले, "चाळीस वर्षांचा रियाज आहे. कान अर्धवट देतात, डोकं पुरं करून घेतं."

घरी ह्यांनी फक्त 'निम्मे गेलेत' सांगितलं.

परवा क्लासात नऊ मुली एकदम गात होत्या. बाहेर एसटी घरघरत होती. नाना डोळे मिटूनच म्हणाले, "भिंतीकडची, निषाद उतरतोय तुझा. घरी काही झालंय का, बाळ?" पोरगी रडायलाच लागली.

काल जेवताना ह्यांनी विषय काढला. मोठ्याने, दोनदा. "नाना, क्लास आता पुरे. सोफा आणायचाय. हिच्या माहेरची माणसं येतात, त्यांना बसायला जागा नको?"

नाना भात कालवत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर आहे. तिची सोय आधी." आणि सासूबाईंना, "तानपुरा माळ्यावर टाकाल तेव्हा खोळ तेवढी घाला."

सासूबाई ताटात बघत राहिल्या.

'हो' आणि 'वाढू का' यापलीकडे मी ह्या घरात बोलले नव्हते. आमटीची वाटी खाली ठेवली आणि नानांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले,

"आमच्याकडची माणसं सतरंजीवरच बसतात. आणि गाणं ऐकल्याशिवाय उठत नाहीत."