सुभेदाराचा नवा हात

मी कॅनडाला निघालो त्या दिवशी मांडवीतल्या आमच्या घरात अशी गर्दी लोटली की रस्त्याने जाणाऱ्यांना वाटलं, कुणीतरी गेलं. गेलंच होतं म्हणा. बॅगेचं वजन आई हाताने उचलून करत होती. काट्यावर तिचा विश्वास नव्हता. बॅग जड लागली म्हणून तिने आत हात घातला. कुळथाचं पीठ चाचपलं, फणसपोळी चाचपली, आणि बाहेर काढला तो माझा सुभेदार.

"पीठ खाता येतं. हा मेला खाता येतो का?"

मी तोंड वाकडं केलं, तशी म्हणाली, "राहू दे इथंच. घरात कुणीतरी पुरुष माणूस नको?"

बाबा आदल्या वर्षी गेले होते. मी सुभेदाराला फळीवर ठेवून दिलं.

सुभेदार म्हणजे वीतभर उंचीचा प्लास्टिकचा योद्धा. बाबा मालवाहू बोटीवर होते, त्यांनी कुठल्याशा बंदरातून आणलेला. खोक्यावरची लिपी अख्ख्या रत्नागिरीत कुणाला वाचता येईना, म्हणून नाव आम्हीच ठेवलं. निळं चिलखत, गुडघ्यात वाकणारे पाय, उजव्या हातात बंदूक. खोक्यात आईने दुसऱ्याच दिवशी लवंगा-वेलदोडे भरले.

त्याचे पराक्रम ऐकून ठेवा. जेटीवरून समुद्रात पडला, तर त्याला माशाने गिळलं आणि तोच मासा त्याच आठवड्यात आमच्या घरी कालवणाला आला. सुभेदार आतून निघाला तो ताजातवाना. पावसला मामाच्या आंब्याच्या कलमांत एका वानराने बंदुकीसकट त्याचा हात उपटला, आणि ती बंदूक रोखून ते वानर गणपतीपुळ्यापर्यंत गेलं. तिथे त्याला रांगेत न थांबता दर्शन मिळालं. खोटं वाटत असेल तर वानराला विचारा.

टोरंटोत मला कळलं की आमचा सुभेदार 'व्हिंटेज' आहे. तिथे जुन्या खेळण्यांच्या संग्राहकांचा एक क्लब आहे. पन्नाशीचे बाप्ये पांढरे हातमोजे घालून दर शनिवारी एका बेसमेंटमध्ये जमतात आणि एकमेकांची खोकी बघतात. बघतात फक्त. उघडत नाहीत! खेळणं जन्मभर खोक्यात, मालक जन्मभर बेसमेंटमध्ये. ऊन दोघांनाही ठाऊक नाही. त्यांचा अध्यक्ष डग तर खोक्याच्या आसपास शिंकतही नाही, शिंक घरी घेऊन जातो. आमच्याकडे देवाला रोज आंघोळ घालतात, आणि ही माणसं प्लास्टिकला वारा लागू देत नाहीत. असल्या लोकांचं मी काय केलं असेल? सभासद झालो. हातमोजेही घेतले. माणसाला तुच्छ लेखायचं तर जवळ बसून लेखावं, लांबून मजा येत नाही.

तिथे मी सुभेदाराच्या इतक्या बाता मारल्या की वार्षिक प्रदर्शनात डगने त्याच्यासाठी काचेच्या कपाटात मधोमध जागा राखली. वर दिवासुद्धा. "हात नसला तरी चालेल," डग म्हणाला, "पण रंग मूळचाच हवा. रंग बदललेला असला की खेळणं मेलं." मी छाती ठोकून हो म्हटलं आणि आईला फोन लावला. सुभेदाराला न्यायला येतोय, नीट काळजी घे.

"घेतेच आहे," ती म्हणाली.

गणपतीला घरी आलो. सुभेदार मखराशेजारच्या फळीवर उभा होता, पण मी ओळखलाच नाही. अंग गणपतीसारखं गुलाबी. चिलखत पिवळंधमक, त्याला सोनेरी काठ. डोळे असे पाणीदार आखलेले की खोलीत कुठेही जा, बघतोय आपल्याकडेच. आणि उपटलेल्या हाताच्या जागी शाडूचा नवाकोरा हात, तळवा पुढे करून आशीर्वाद देणारा.

"हे कुणी केलं?" मी असा ओरडलो की भाट्याच्या खाडीतल्या होड्या हलल्या.

"गणपतीच्या शाळेत," आई म्हणाली. मूर्ती घडवतात त्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. आपला पाट तिथे नेऊन द्यायचा, गणपती त्यावर बसून घरी येतो. "पाट द्यायला जाते तेव्हा ह्यालाही नेते. खाऱ्या हवेने रंग उडतो मेल्याचा. दरवर्षी नवा करून आणते."

"आणि हात?"

"तो मूर्तिकार म्हणाला, काकी, बंदूक करू का? म्हटलं, बंदूक कशाला रे घरात? आशीर्वादाचा कर."

"अगं, सत्यानाश केलास त्याचा!"

"सत्यानाश? आरतीला येणारं प्रत्येक माणूस त्याला नमस्कार करून जातं. तुला केला का कुणी कधी?"

मी सुभेदाराला उचलून मागच्या पडवीत नेलं आणि तळपायाशी नखाने खरवडायला लागलो. खाली कुठेतरी मूळचा निळा असेल, एवढीच आशा. गुलाबीखाली गुलाबी निघाला. त्याखाली जरा फिका, त्याखाली केशरी झाक असलेला. ज्या ज्या वर्षी मी फोनवर "सुट्टी नाही गं" म्हणालो, त्या त्या वर्षीच्या गणपतीचा रंग. निळ्यापर्यंत पोचायच्या आत माझं नख थांबलं.

आई दारात उभी होती. "उंदरासारखं काय कुरतडतोयस? न्यायचा तर ने. पण मग पुढल्या वर्षी पाटाबरोबर मी कुणाला नेऊ?"

निघायच्या दिवशी आईने पुन्हा बॅग उचलून पाहिली, आत हात घातला आणि सुभेदाराला शोधायला लागली. सापडेना. मग तिने मागे वळून बघितलं. तो फळीवरच होता, हात वर करून. बॅगेत जागा उरली होती, तिथे तिने कुळथाच्या पिठाची आणखी एक पिशवी कोंबली.

प्रदर्शनात दिव्याखाली, कपाटाच्या मधोमध, मी ती पिशवी ठेवली. डग हातमोजे चढवून वाकला. हे काय, म्हणून त्याने विचारलं.

"मूळ पॅकिंग," मी म्हटलं. "अजून उघडलेलं नाही."

तो आदराने मागे सरकला. मूर्ख.

तर मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या गेलेल्यांनो, तुझं घर कुठे असं मला विचारत जाऊ नका. मांडवीत एका फळीवर माझ्या जागी एकजण उभा आहे आणि त्याला दर भाद्रपदात नवा रंग लागतो, तिथे. पुढल्या वर्षी पाट द्यायला मी स्वतः जाणार आहे. बघू, मूर्तिकार मला कुठला रंग लावतो ते.

प्रदर्शन संपल्यावर पिशवी घरी आणली, दातांनी फाडली, पिठी शिजवली आणि गरमगरम भातावर ओतली. आमच्यात उघडतात.