कागदाची राजकन्या आणि ढावलो

बी.ए. होऊन मला दोन वर्षं झाली होती. आमच्या तांड्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि कुणी विचारायच्या आधीच मी ते सांगून टाकायचो. नोकरी मात्र मिळत नव्हती. शेवटी सरकारी सिनेमाच्या गाडीवर तीन महिन्यांसाठी निवेदक लागलो. पडद्यावर जे दिसेल ते माइकवर लोकांना समजावून सांगायचं. मुदतीचे आठ दिवस उरले असताना यवतमाळहून साहेब तपासणीला आले. कायम करायचं की नाही, ते त्यांच्या शेऱ्यावर होतं.

दिवस मावळल्यावर आर्णीजवळच्या एका तांड्यावर पडदा लावला. सिनेमा परदेशी, बिनबोलीचा. जुन्या राजेरजवाड्यांच्या काळातला, पण नट नाहीत. कागदाची कापलेली चित्रं सरकवून केलेला. माणसं गंजिफाच्या पत्त्यांसारखी चपटी, सगळ्यांचे चेहरे एकाच बाजूने.

"या राजाचा दुसरा डोळा कुठं गेला?" पुढच्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"चित्रं आहेत ती, बाबा. कागदाची."

"मंग कागद पाह्याले अंधारात कायले बसवलं आमाले?"

लोक हसले. साहेब हसले नाहीत.

मी आवाज चढवला. सामंतशाहीत विवाह म्हणजे राजकीय तह असे, वगैरे. पडद्यावर राजकन्या परक्या राजाकडे निघाली. घोड्यावर बसली, वळूनही पाहिलं नाही, कुणी डोळ्याला पदर लावला नाही. बायका पडद्यामागच्या बाजूला बसल्या होत्या; कापडातून तिकडूनही चित्र दिसायचं. त्यांच्यातल्या एकीने ढावलो धरला. आमच्यात लेक सासरी निघाली की तिच्या गळ्यात पडून सुरात रडतात, तो ढावलो. रडल्याशिवाय लेक पाठवली, तर तिला मागे कुणी नाही असा अर्थ होतो. बघता बघता सगळ्याच बायका रडायला लागल्या. माइकवर मी काय बोलतोय ते मलाच ऐकू येईना.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माइक ठेवला, पडद्यामागे गेलो आणि आमच्या गोरबोलीत ओरडलो, चूप बसा म्हणून.

सूर तुटला. एक म्हातारी मला न्याहाळत राहिली.

"तू आपल्यातलाच का," ती गोरबोलीतच म्हणाली. "मला वाटलं परका आहे, त्याला काय कळणार."

ती उठली. मग बाकीच्या उठल्या, त्यांच्यामागून पुरुषही. सिनेमा अजून अर्धा बाकी होता. रिकाम्या मैदानाला मी तो शेवटपर्यंत समजावून सांगितला, कारण थांबायची हिंमत होत नव्हती.

"त्या रडत होत्या तेव्हा लोक बसलेले होते ना?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"मग थांबवलं कशाला?"

"निवेदन ऐकू येत नव्हतं."

त्यांनी उभ्या उभ्याच शेरा लिहिला. आठव्या दिवशी मी पेटी घेऊन घरी आलो. बापाला म्हटलं, मुदत संपली. त्याने पेटी तेवढी आत नेऊन ठेवली.