दोन गाड्यांची एक गाडी

गाडी नदीत गेली तेव्हा लशीची पेटी माझ्या मांडीवर होती. म्हणून पेटी वाचली.

दोन डोंगे दोराने एकमेकांना बांधलेले, वर बांबूचा तट्टा आणि तट्ट्यावर माझी मोटरसायकल. त्या भागात तेव्हा नदीवर पूल नव्हताच, अशीच गाडी पार करायची. पलीकडचा काठ अगदी जवळ आला आणि एक डोंगा पाण्याखालच्या खडकावर चढला. तट्टा कलला. गाडी धरून उभे असलेले दोघे "गेली, गेली" म्हणेपर्यंत ती म्हशीसारखी सावकाश पाण्यात बसली. हँडलचं एक टोक तेवढं वर राहिलं.

"साहेब, लागलं तं नाई ना तुमाले?" श्यामरावभाऊंनी विचारलं. हे आमच्या दवाखान्याचे कंपाउंडर. गाव त्यांचं चांद्याकडच्या मूल गावाजवळचं, आणि कसलाही प्रसंग आला तरी आवाज चढत नसे.

"मला नाही. गाडीला."

"गाडी काय, वाळते."

मी जनावरांचा डॉक्टर. ही एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांतली गोष्ट. माझं ठाणं अहेरीला होतं. चांद्यापासून थेट सिरोंच्यापर्यंत सगळा एकच जिल्हा, आणि त्यातलं बहुतेक जंगल. फिरतीसाठी मी लढाईनंतर लष्कराने विकायला काढलेली एक मोटरसायकल घेतली होती. लोक तिला 'डिस्पोजलची गाडी' म्हणत. एकच सिलिंडर, खाकी रंग, वजन एखाद्या गोऱ्ह्याएवढं. वेग बेताचाच, पण रेतीतून, गोट्यांतून, धान कापलेल्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, ती निघायची.

त्या दिवशी पेटीत बुळकांडीची लस होती. बुळकांडी म्हणजे काय हे आजच्या पोरांना माहीत नाही, आणि आमच्या खात्याला याहून चांगलं सर्टिफिकेट कोणी देऊ शकणार नाही. गुरांना सणसणून ताप यायचा, तोंडात फोड यायचे, हगवण लागायची आणि चार-सहा दिवसांत गोठा रिकामा व्हायचा. औषध नव्हतं. लस होती. काचेच्या नळीत सुकवलेली पावडर यायची. ती बर्फातच ठेवावी लागे आणि पाण्यात कालवली की लगेच टोचून संपवावी लागे. बर्फ चांद्याहून मोटरीने आलापल्लीला यायचा, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. पुढची जबाबदारी माझी.

नदीच्या वरच्या अंगाला एका गावात रोग लागला होता. त्याच्या खाली पेरमगुडा. आजूबाजूच्या सगळ्या पाड्यांची गुरं पेरमगुड्याच्याच उतारावर, म्हणजे नदीत उतरायच्या वाटेवर, पाणी प्यायला येत. एवढं एक गाव टोचून काढलं की रोग खाली सरकणार नव्हता. आम्ही याला 'कडं घालणं' म्हणत असू. तिथले पाटील म्हणजे वेलादी नावाचे वयस्क गोंड गृहस्थ. त्यांनी मोठ्या मुश्किलीने गाव तयार केलं होतं आणि मला एकच गोष्ट सांगितली होती: "सूर्य डोक्यावर येतपर्यंत बांधून ठेवतो. मंग सोडीन. भुकं जनावर किती वेळ ठेवू?"

नदीच्या काठावरून पुढे पेरमगुडा पायी गाठायचं तर दिवस कलला असता. बैलगाडीने तेच. तोवर पेटीत बर्फ नाही, कोमट पाणी राहिलं असतं.

माणसांनी दोर लावून गाडी पलीकडच्या काठावर ओढली. स्पार्क प्लग काढला, किक मारली. सिलिंडरमधून पाणी उडालं. कार्बुरेटर खोलून पाणी ओतलं, टाकीतलं खालचं पेट्रोल सोडून दिलं, ऑइल बदललं. डब्यात तेवढं होतं. मग प्लग सिलिंडरला टेकवून किक मारून बघितली. अशी बघितली की प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी दिसते. दिसली नाही. पुन्हा मारली. नाही.

म्हणजे मॅग्नेटो गेला. या गाड्यांना ठिणगीसाठी बॅटरी नसे. मॅग्नेटो म्हणजे एक डबी. तिच्यात लोहचुंबकामध्ये तारेची गुंडाळी फिरते आणि ठिणगीपुरती वीज तयार करते. गुंडाळीवर लाखेचा लेप असतो. पाणी आत मुरलं की ठिणगी बंद. वाळवायचा तर उन्हात, सावकाश. जाळावर धरला तर लाख वितळते आणि मॅग्नेटो कायमचाच जातो.

मी हे श्यामरावभाऊंना समजावत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"डॉक्टर, कोणाची आंघोळ चालू हाये? तुमची का गाडीची?"

हबीबभाई. बांबूचा ठेकेदार, आणि श्यामरावभाऊंच्याच मूलचा. काठावरच वरच्या अंगाला त्याचा बांबूचा डेपो होता. सगळ्या तालुक्यात माझ्यासारखी गाडी फक्त त्याच्याकडे होती, त्याच सालची, त्याच मेकची. आम्ही भेटलो की आदाब-नमस्कार नंतर, आधी एकमेकांच्या गाडीचा आवाज ऐकायचा. अहेरीच्या बाजारात गाड्या बाजूबाजूला लावून आम्ही नट आवळत, सैल करत बसायचो. माझी बायको म्हणायची, "तुम्हा दोघांना गाड्यांऐवजी गाई दिल्या असत्या, तर घरात दूध तरी आलं असतं."

"पेटीत बुळकांडीची लस आहे," मी म्हणालो. "पेरमगुड्याला गुरं बांधून ठेवली आहेत. मॅग्नेटोत पाणी गेलंय. तुमची गाडी द्या."

हबीबभाईचं हसू गेलं. "माही गाडी तं बसली, डॉक्टर. रॉडचं बेअरिंग गेलं. काल सांजच्याला खडखड वाजली अन् बंद. तिथी मोहाखाली ठेवली हाये."

म्हणजे एका गाडीचं इंजिन धड आणि ठिणगी नाही. दुसरीची ठिणगी धड आणि इंजिन नाही.

हे आम्हा दोघांच्याही लक्षात एकदमच आलं असावं. पण त्याचा मॅग्नेटो मागणं सोपं नव्हतं. त्याला कारण होतं. हबीबभाईचा मॅग्नेटो साधा नव्हता. जुना बिघडला तेव्हा त्याने तो नागपूरला पाठवून नव्याने तार गुंडाळून आणला होता. पावसाळाभर त्याची गाडी त्यापायी घरात उभी होती. परत आला तेव्हा त्याने तो नागपूरहून मांडीवर घेऊन आणला. त्यावर स्क्रू ड्रायव्हर लावायची मुभा कोणालाच नव्हती. मलाही नव्हती. मजूर गमतीने म्हणत, शेट एक वेळ बायकोले माहेरी धाडन, पण गाडीले हात नाई लावू देणार.

हबीबभाई मोहाच्या झाडाकडे गेला. गाडीवरचं गोणपाट काढलं. गाडीभोवती एक चक्कर मारली. मग तिथूनच ओरडला, "डॉक्टर, पाने-पकड घेऊन या! बघत काऊन राह्यले?"

आम्ही माझी गाडी ढकलत मोहाखाली नेली आणि कामाला लागलो. माझा मॅग्नेटो मी काढला, त्याचा त्याने. मॅग्नेटोला एक दातेरी चाक असतं, ते दांड्यावर घट्ट रुतून बसतं. ते ओढायला वेगळं हत्यार लागतं आणि ते अर्थातच अहेरीला होतं. टायर काढायच्या दोन पट्ट्या दोन्ही बाजूंनी सरकवून, दांड्यावर लाकडाचा तुकडा ठेवून, हळूच ठोकून आम्ही दोन्ही चाकं सोडवली. हबीबभाईने आपला मॅग्नेटो उपरण्यात धरून माझ्या हातात दिला. "सांभाळा," एवढंच म्हणाला.

खरं भांडण पुढे झालं. ठिणगी नेमकी कधी पडावी, याला टायमिंग म्हणतात. पिस्टन वर येत असतो, तो माथ्यावर पोचायच्या थोडं आधी ठिणगी पडायला हवी. उशिरा पडली तर गाडी मरगळते. फार लवकर पडली तर किक उलटी येते आणि पाय मोडते. किती आधी, यावर हबीबभाईचं आणि माझं दोन वर्षं जमलं नव्हतं.

सिलिंडरवरचं लहान बूच काढून सायकलचा आरा आत सोडला. पिस्टन कुठे आहे ते आऱ्यावरून कळतं. मॅग्नेटोतले दोन पॉइंट जिथे एकमेकांपासून सुटतात तिथे ठिणगी पडते. ते नेमके कधी सुटतात हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी त्यांच्यात सिगरेटचा कागद धरायचा. कागद अलगद निघून आला की पॉइंट सुटले. हबीबभाईने एक सिगरेट सोलली, कागद ठेवून तंबाखू श्यामरावभाऊंच्या तळहातावर दिली. श्यामरावभाऊंनी तिला चुना लावला आणि शांतपणे तोंडात टाकली.

"एवढं आधी नको," मी म्हणालो. "पुस्तकात यापेक्षा कमी दिलंय."

"पुस्तक विलायतेत लिहिलं. तिथी थंडी."

"गाडी माझी आहे, हबीबभाई."

"मॅग्नेटो माहा हाये, डॉक्टर."

श्यामरावभाऊ आकाशाकडे बघत म्हणाले, "सूर्य कोणाचाच नाई, साहेब. तो चढून राह्यला."

मी हात वर केले. हबीबभाईच्या मनासारखं टायमिंग लावलं. किक मारायला तोच पुढे झाला. प्लगला ठिणगी होती हे पहिल्याच किकला कळलं, कारण किक उलटली आणि हबीबभाई बांबूच्या ढिगावर जाऊन बसला.

कोणी हसलं नाही. म्हणजे तो स्वतः हसेपर्यंत कोणी हसलं नाही.

"थोडं मागं घ्या," तो घोटा चोळत म्हणाला. मी मागे घेतलं. "इतकं नाई! तुमचं पुस्तक ठेवा बाजूले." शेवटी दोघांच्या मधोमध कुठेतरी पॉइंट ठेवले. या खेपेला मी किक मारली. गाडीने सायलेन्सरमधून आधी वाफ सोडली, मग पाणी, मग धूर, आणि मग आपला तो जुना, भरदार आवाज. इतका बरा आवाज मी नोकरीत फार थोड्या वेळा ऐकला.

श्यामरावभाऊंना बाकीचं सामान घेऊन डेपोच्या बैलगाडीने मागून यायला सांगितलं. मी गाडीवर बसलो तर मागे हबीबभाई पेटी मांडीवर घेऊन बसलेला.

"तुमचा पाय सुजलाय."

"मॅग्नेटो जिथी जाईल तिथी मी. चाला."

वाट डोंगरातली होती. चढावर तो मागून ओरडायचा, "टायमिंगची लिव्हर मागं घ्या!" उतारावर गप्प असायचा. एका नाल्याच्या रेतीत चाक रुतलं. तो लंगडत उतरला, पेटी छातीशी धरून बाजूने चालू लागला आणि मी पाय टेकत टेकत गाडी काढली. साग संपून बांबूचं बन लागलं, मग मोकळं रान, आणि समोर पेरमगुडा.

गुरं सुटायला लागली होती. कोंडवाड्याचा आडवा बांबू काढलेला होता आणि पुढची चार-दोन जनावरं बाहेर येऊन उभी होती. पण पाटील दारात हात पसरून उभे होते आणि मागची गुरं अडवून धरत होते.

"आवाज आला," पाटील म्हणाले. "टेकडीच्या पल्ल्याडून. मनलो, फटफटीच असन. मंग थांबलो."

पेटी उघडली. बर्फाचा सुपारीएवढा खडा उरला होता, पण पाणी हाताला झोंबत होतं. लस चालणार होती. मी कालवायला घेतली.

आणि पहिल्याच जोडीचा मालक आडवा आला. तरणाताठा गोंड शेतकरी होता, देखणी बैलजोडी होती. सुईने धडधाकट बैल आजारी पडेल, असं त्याचं म्हणणं. ते अगदीच खोटं नव्हतं. या लशीने जनावराला थोडा ताप येतोच. मी तसं सांगितलं. तो आणखीच मागे सरला. त्याच्यामागे दुसरे दोघे सरले. कालवलेली लस माझ्या हातात होती आणि ती थांबणारी नव्हती.

हबीबभाई पुढे झाला आणि गोंडीत काहीतरी बोलला, फार नाही, दोन-तीन वाक्यं. त्या माणसाने वळून माझ्या गाडीकडे बघितलं, मग हबीबभाईकडे. पुन्हा गाडीजवळ जाऊन वाकून बघितलं. परत आला आणि स्वतः बैलाची शिंगं धरून उभा राहिला.

"काय सांगितलं त्याला?" मी सिरिंज भरता भरता विचारलं.

"माह्या डेपोत बांबू तोडते तो. त्याले मनलो, या डॉक्टरसाठी म्या माहा मॅग्नेटो काढून देला. जा, पाहून ये."

मग काम सुरळीत झालं. पाटील गुरं एकेक करून सोडत, हबीबभाई शिंगं धरी, मी टोचत असे. श्यामरावभाऊ पोचले तेव्हा शेवटची काही वासरं राहिली होती. गावाने आम्हाला भात आणि नदीच्या माशांचा रस्सा वाढला. हबीबभाईच्या घोट्याला पाटलांच्या घरून कसलातरी पाला वाटून बांधला. संध्याकाळी परत निघालो तेव्हा अंगणात बायका धान पाखडत होत्या आणि टोचलेली गुरं खाली मान घालून निवांत चरत होती.

पुढे काही दिवस गुरांना बारीक ताप राहिला. मी दोनदा जाऊन आलो. त्या तरण्या शेतकऱ्याचा एक बैल जरा मलूल होता, तोही सावरला. वरच्या गावचा रोग उतारापर्यंत आला. त्याच्या वरच्या अंगाला मेलेली गुरं मी स्वतः पाहिली. उताराच्या खाली मात्र एकही गेलं नाही. त्या पावसाळ्यात पेरमगुड्याच्या बांध्यांत चिखलणीला सगळ्या जोड्या उभ्या होत्या. मी मुद्दाम गाडी थांबवून थोडा वेळ बघत बसलो.

माझा मॅग्नेटो उन्हात वाळला आणि पुन्हा चालू झाला. हबीबभाईचं बेअरिंग आलं, त्याचा मॅग्नेटो त्याला परत बसवून दिला. टायमिंग त्याचं त्यानेच लावलं, मी पानासुद्धा हातात घेतला नाही. त्यानंतर कित्येक वर्षं तो लोकांना सांगत राहिला की डॉक्टरची गाडी एकच दिवस धड चालली.

पुढे नवीन पोरं खात्यात आली की विचारायची, साहेब, जंगलातल्या पोस्टिंगला कोणती गाडी घ्यावी? मी सांगायचो, कंपनी बघू नका, सीसी बघू नका. आसपास दुसऱ्या कोणाकडे कोणती गाडी आहे ते बघा आणि तीच घ्या. आणि त्या माणसाशी भांडायचं ते टायमिंगवरूनच भांडा, दुसऱ्या कशावरून नको.